टेकू

"मॅडम, मराठी विभागासाठी काहीतरी लिहा ना. पण 'ताण घालवण्याचे दहा उपाय' नकोत हं, ते नोटीस बोर्डावर आहेतच!" मॅगझिनच्या संपादक मंडळातली दोन मुलं गेल्या महिन्यात येऊन असं सांगून गेली. मला हसू आलं, कारण तो नोटीस बोर्डावरचा कागद मीच लावला होता. त्याचा कुणाला उपयोग झाल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. तेव्हा दहा उपाय नाही, मी त्या खोलीत बसून नेमकं काय करते आणि का करते तेवढंच लिहिते. पटलं तर बघा, नाही पटलं तर भांडायला या. भांडायला येणाऱ्यांचंही स्वागत आहे!

माझी खोली कुठे आहे हे तुम्हाला माहीत आहे. तिच्यासमोरून जाताना चालण्याचा वेग वाढवायचा असतो, हेही माहीत आहे. झेरॉक्सच्या शेजारी, दारावर 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी. आत जाताना कुणी दिसलं की "काय रे, तुझाही स्क्रू ढिला झाला का?" हा विनोद होस्टेलवर तयारच असतो. त्यामुळे मुलं निमित्त काढून येतात. कुणाला फॉर्मवर सही हवी असते, कुणाला पंख्याखाली पाच मिनिटं बसायचं असतं.

एसईचा एक मुलगा स्टेपलर मागायला आला होता. (त्याला विचारून, आणि तो ओळखू येणार नाही इतके तपशील बदलून लिहिते आहे.) जर्नलला पिन मारली, थँक यू म्हणाला, गेला. पुढच्या बुधवारी परत स्टेपलर. त्याच्या पुढच्या बुधवारीही. आता शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे तीन स्टेपलर आहेत हे मला माहीत होतं, आणि त्यालाही. मी काही बोलले नाही. चौथ्या बुधवारी पिन मारून झाल्यावर तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "मॅडम, माझे तीन विषय राहिलेत. घरी माहीत नाही."

नोकरीला नवीन होते तेव्हा मी पहिल्याच बुधवारी विचारलं असतं, "काय प्रॉब्लेम आहे?" लगेच एक कोरा कागद घेऊन अभ्यासाचं टाइमटेबल करून दिलं असतं. पहाटे पाचला उठणे, मोबाइल दूर ठेवणे, रोज प्राणायाम. मुलगा "हो मॅडम, हो मॅडम" म्हणत गेला असता आणि परत आला नसता. अशी बरीच मुलं मी घालवली आहेत. सल्ला वाईट नसतो, पण जो माणूस आतून पडलेला आहे त्याला सल्ला म्हणजे अजून एक सबमिशन. तेही पूर्ण होत नाही, मग त्याचीही लाज वाटते.

आता मी आधी आधार देते, बाकीचं नंतर. मानसशास्त्रात याला सपोर्टिव्ह थेरपी म्हणतात. माणसाला उकरत बसायचं नाही, त्याच्याकडे जे बळ आधीच आहे ते हुडकायचं आणि त्याला धरून उभं राहायला मदत करायची. माझ्या कामाची दुसरी बाजू म्हणजे ॲटॅचमेंट. हा शब्द उच्चारला की तुम्हाला ईमेल आठवते आणि तुमच्या आजोबांना आसक्ती! एका मुलीने मला सरळ विचारलंही, "मॅडम, ॲटॅचमेंट सोडायची असते ना?" मला वाटतं यासाठी आपल्याकडे फार चांगला शब्द आहे, लळा. वासराला गाईचा लागतो, बाळाला आजीचा लागतो. लळा लागणं हा दोष आहे असं आपल्या भाषेत कुणी म्हणत नाही. मात्र अठरा वर्षं पूर्ण झाली की तो आपोआप गळून पडावा अशी आपली समजूत आहे. गडबड तिथेच होते.

थोडा इतिहास सांगते, परीक्षेला नाही. इंग्लंडमध्ये जॉन बोल्बी नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते (१९०७ ते १९९०). खात्यापित्या घरातले. पण त्या काळच्या रिवाजाप्रमाणे मुलांना आई दिवसातून थोडा वेळच भेटायची, बाकी सगळं दाईकडे. जिचा लळा होता ती दाई हे साधारण चार वर्षांचे असताना काम सोडून गेली. पुढे लहान वयातच त्यांना बोर्डिंगच्या शाळेत धाडलं. होस्टेलवाल्यांनो, म्हणजे माणूस आपल्यातलाच! मोठेपणी त्यांनी आयुष्यभर एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरवला. ज्याच्यावर भिस्त आहे तो माणूस दूर गेला की मुलाचं काय होतं?

त्या काळी तिकडच्या इस्पितळांत दाखल झालेल्या लहान मुलांना आईबापांनी भेटायला येणं हा व्यत्यय समजला जायचा. आई येऊन गेली की मूल रडतं, सबब आई येऊ नये असा हिशोब. बोल्बींचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली इस्पितळात ठेवलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर एक साधा माहितीपट केला. ती मुलगी फार आरडाओरडा करत नाही. हळूहळू गप्प होत जाते, बस्स. जे 'रुळलं' म्हणून नर्सेस खूष व्हायच्या ते प्रत्यक्षात आशा सोडून देणं होतं, असं रॉबर्टसन सांगत होते. बरीच ओढाताण झाली, पण १९५९ मध्ये सरकारी समितीनेच शिफारस केली की आईबापांना भेटीची मोकळीक द्या.

हे वाचलं की मला दर ऑगस्टमधला फर्स्ट इयरचा मजला आठवतो. पहिल्या आठवड्यात जो रडतो, दिवसातून चार वेळा घरी फोन लावतो, त्याची सगळे टिंगल करतात. जो गप्प असतो त्याच्याबद्दल म्हणतात, "हा सेट झाला." मला पहिल्यापेक्षा दुसऱ्याची काळजी जास्त वाटते.

याला पुरावा आहे. बोल्बींच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी आधी युगांडातल्या खेड्यांत आणि नंतर अमेरिकेत बाल्टिमोरला आया आणि बाळांचं निरीक्षण केलं. त्यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. वर्षभराचं बाळ, अनोळखी खोली, खेळणी. आई थोडा वेळ बाहेर जाते आणि परत येते. बघायचं काय, तर आई गेल्यावर बाळ किती रडतं ते नाही, ती परत आल्यावर काय करतं ते. काही बाळं धावत जातात, कुशीत शिरतात, शांत होतात आणि परत खेळायला लागतात. काही चिकटून बसतात, शांतच होत नाहीत. काही मात्र आईकडे बघतच नाहीत, खेळण्यात गुंग असल्यासारखी. वाटतं, काय शहाणं बाळ! पुढे इतर संशोधकांनी अशा बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले. वरून शांत दिसणाऱ्या बाळांचेही ठोके वाढलेले होते. इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांना वेगळं सांगायला नको, डिस्प्लेवर शून्य दिसतंय म्हणून सर्किटमध्ये करंट नाही असं होत नाही.

आपल्या होस्टेलवर ही तिसऱ्या प्रकारची मुलं पुष्कळ आहेत. कुणी सहावीपासून नवोदयला राहिलेलं आहे, कुणी आश्रमशाळेत, कुणी अकरावी-बारावी लातूरला कॉट बेसिसवर काढून आलेलं आहे. त्यांच्या आईवडिलांनी चूक केली असं मी मुळीच म्हणत नाही. पोटाला चिमटा काढून त्यांनी शिकवलं. पण या मुलांनी फार लहानपणी एक गोष्ट शिकून घेतली आहे, की मागून मिळत नाही तेव्हा मागूच नये. ही मुलं नंबरात येतात, कुणाला त्रास देत नाहीत, आणि माझ्याकडे कधीच येत नाहीत. आली तर स्टेपलर मागायला.

इथे एक सूचना. इंटरनेटवरची चाचणी सोडवून "मी अमुक टाइपचा आहे" असा शिक्का स्वतःच्या किंवा रूम पार्टनरच्या कपाळावर मारू नका. हे रक्तगट नाहीत, सवयी आहेत. नव्या नात्यांत त्या बदलतात. शिवाय सुरुवातीच्या काळात या मांडणीने सगळा भार एकट्या आईवर टाकला होता, त्यावर टीका झाली आणि ती रास्तच होती. मुलाला एकापेक्षा अधिक माणसांचा लळा लागतो. ज्या घरात आजी, आत्या, काकू आणि शेजारच्या मावशी मिळून मूल वाढवतात तिथे हे कुणी समजावून सांगायची गरज नाही.

मला यातून जे घ्यायचं होतं ते असं. बाळ आईला सोडून दूर कधी जातं? मागे वळून बघितल्यावर आई तिथेच दिसेल याची खात्री असते तेव्हा. खात्री नसेल तर एकतर ते चिकटून बसतं किंवा गरज नसल्याचं सोंग करतं. स्वावलंबन हे आधार काढून घेतल्याने येत नाही, आधाराची खात्री पटल्याने येतं. बोल्बींनी १९८८ च्या पुस्तकात हेही लिहून ठेवलं की थेरपिस्टचं पहिलं काम म्हणजे असा भरवशाचा तळ होणं. बेस कॅम्पसारखा. चढायचं ज्याचं त्यानेच, पण परत यायला तंबू जागेवर पाहिजे.

म्हणून माझे नियम अगदी साधे आहेत. वेळ ठरलेली आणि तीच. खुर्ची तीच. पहिल्या भेटीत कुणालाही "असं का केलंस?" विचारत नाही. त्याऐवजी विचारते, "लहानपणी लागलं-खुपलं की कुणाकडे पळायचास?" उत्तराला कधी पाच सेकंद लागतात, कधी तीन आठवडे. एकाने बऱ्याच वेळाने सांगितलं, "म्हशीकडे." तो चेष्टा करत नव्हता, मीही हसले नाही. मागच्या वेळी तो काय बोलला ते लक्षात ठेवते. बहिणीचं लग्न, वडिलांची डायलिसिसची तारीख, मेसचं थकलेलं बिल. "माझं कुणाच्या तरी लक्षात आहे" हे कळणं हेच अर्धं औषध असतं. इथलं बोलणं एचओडींपर्यंत, रेक्टरपर्यंत, घरी जात नाही. अपवाद एकच, जिवाला धोका असेल तर. हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकते, म्हणजे नंतर फसवणूक वाटत नाही.

आणि मी कोण नाही तेही सांगते. मी आई नाही, मैत्रीण नाही, डॉक्टरही नाही. झोप, भूक आठवडेच्या आठवडे गेली असेल किंवा त्याहून काही गंभीर असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवते. गोळ्या लागल्या तर त्या घ्यायच्या, चष्म्याला जशी लाज नाही तशी त्यालाही नाही. मात्र दुसरीकडे पाठवलं म्हणजे इथला बुधवार रद्द झाला असं कधी होऊ देत नाही.

आता माझी एक चूक सांगते, कारण तिने मला कोणत्याही पुस्तकापेक्षा जास्त शिकवलं. तोच स्टेपलरवाला मुलगा. सहा-सात बुधवार नियमित आला. एका बुधवारी मला घरच्या कामासाठी अचानक रजा घ्यावी लागली, पुढच्या बुधवारी एक मीटिंग होती. दोन्ही वेळा मी त्याला कळवलं नाही. दारावर चिठ्ठीसुद्धा लावली नाही. वाटलं, कळेल त्याला, मोठा आहे. तिसऱ्या बुधवारी मी वाट बघत बसले, तो आला नाही. नंतरही नाही.

पंधरा दिवसांनी मेसच्या बाहेर दिसला. मी म्हटलं, "अरे, मी न सांगता गेले. तू येऊन परत गेलास ना? माझं चुकलं." तो अगदी नम्रपणे हसला आणि म्हणाला, "चालायचंच मॅडम. सवय आहे."

त्या 'सवय आहे' मध्ये त्याची सगळी हकीगत होती. ती त्याने मला नंतर सांगितली. धाकटा भाऊ आजारी म्हणून याला चौथीत मामाकडे ठेवलं. "दिवाळीला न्यायला येतो" म्हणून गेलेले वडील उन्हाळ्यात आले. कुणाचाच दोष नव्हता, परिस्थितीच तशी होती. पण तेव्हापासून हा कुणाची वाट बघत नाही. तीन विषय राहिले तरी घरी सांगत नाही. आणि मी, त्याचा भरवशाचा तळ वगैरे, बरोबर तेच करून बसले होते.

तो पुढच्या बुधवारी परत आला. का आलास म्हणून विचारलं तर म्हणाला, "आमच्यात सॉरी कुणी म्हणत नाही ना मॅडम. बघावं म्हटलं." तेव्हापासून मी एक गोष्ट पक्की धरली आहे. आधार देणाऱ्याचं कधीच चुकू नये असं नाही. आई-बाळाचेही सूर दिवसभर जुळलेले नसतात, ते तुटतात आणि परत जुळतात. तुटलेलं परत सांधता येतं हा अनुभव ज्याला लहानपणी मिळाला नाही त्याला तो मोठेपणी मिळाला पाहिजे. मग कधी कधी माझ्या चुकीचाही उपयोग होतो.

आता आक्षेपांकडे येते. स्टाफरूममध्ये चहाबरोबर मी ते नेहमी ऐकते. "मॅडम, तुम्ही मुलांना पांगळं करता. आमच्या वेळी कुठे होतं समुपदेशन? आम्ही नाही झालो इंजिनियर?" सर, झालात. पण तुम्हीच एकदा सांगितलं होतंत की वडील गेले त्या सेमिस्टरला खानावळीच्या काकूंनी तीन महिने पैसे मागितले नाहीत, आणि रोज रात्री ताट झाकून ठेवलं. तुमचं समुपदेशन त्या ताटाखाली झालं होतं सर, फक्त पाटी नव्हती!

पांगळेपणाचं उत्तर मला सिव्हिलच्या एका मुलीने दिलं. ती म्हणाली, "मॅडम, स्लॅब भरल्यावर खालचे टेकू लगेच काढतात का? आयएस ४५६ मध्ये दिवस दिलेत. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला सात दिवस, त्याच्या वर चौदा. सहा मीटरच्या वरच्या बीमला एकवीस." मी घरी जाऊन नवऱ्याला विचारलं, तो साइटवर असतो. तो म्हणाला, बरोबर आहे, आणि घाईने सेंटरिंग काढणाऱ्याला कुणी शूर म्हणत नाही. टेकू लावला म्हणून काँक्रीट आळशी होत नाही. आत जे घट्ट व्हायचं ते होईपर्यंत वजन तो घेतो, एवढंच. आणि लांब गाळ्याला जास्त दिवस लागतात, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. ज्याचा गाळा लांब, म्हणजे जो लहानपणापासून एकटाच पेलत आला, त्याला जास्त वेळ द्यावा लागतो. सहा भेटींत फाइल बंद, असं तिथे चालत नाही.

एका बाबतीत मात्र माणूस काँक्रीट नाही. टेकू काढल्यावर स्लॅबला त्याची आठवण राहत नाही, माणसाला राहते. आणि माणसाला आधार कायमचाच लागतो, फक्त तो एका जागेवरून पसरत जातो. मी, मग एक मित्र, मग एखादे सर, मग बायको किंवा नवरा, मुलं. माझ्याकडे येणारा मुलगा हळूहळू कमी येऊ लागला आणि त्याच्या बोलण्यात माणसांची नावं वाढू लागली, की मी समजते काम होत आलं.

शेवटी दोन विनंत्या. पहिली स्टाफला. डिफॉल्टर लिस्टमधल्या मुलांना "जा, मॅडमकडून सही घेऊन ये" म्हणून शिक्षा असल्यासारखं पाठवू नका. जिथे शिक्षा होते तिथे कुणी मन मोकळं करत नाही. आणि मेंटॉर दर सेमिस्टरला बदलू नका. कागदावर काही फरक दिसत नाही, पण मुलाला चार वर्षांत आठ वेळा पहिल्यापासून ओळख करून द्यावी लागते. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना निदान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलं आहे, आणि परीक्षेच्या काळात लहान गटांना मेंटॉर द्यावेत असंही म्हटलं आहे. नेमणूक आदेशाने होते. लळा आदेशाने लागत नाही, त्याला तोच माणूस पुन:पुन्हा दिसावा लागतो.

दुसरी विनंती तुम्हाला, मित्रांनो. होस्टेलवर मी रात्री नसते, तुम्ही असता. पार्टनर दोन दिवस मेसला आला नाही तर "जेवलास का?" एवढं विचारा. उपदेश करू नका, मोटिव्हेशनल व्हिडिओ पाठवू नका, शेजारी बसा. मात्र तो जिवाचं काही बरंवाईट करायचं बोलला, तर "कुणाला सांगू नको" ही शपथ पाळायची नाही. त्याला एकटं सोडू नका, रेक्टर सरांना उठवा, मला फोन करा. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या नंबरवर रात्रंदिवस मोफत आहे, मराठीतही बोलतात. मैत्री तुटली तर नंतर सांधता येते, हे वर लिहिलंच आहे.

त्या मुलाचे तीनपैकी दोन विषय सुटले, एक अजून राहिलाय. दिवाळीत त्याने घरी सांगितलं. वडील म्हणाले, "आधी का नाही सांगितलंस?" आणि त्याच्या ताटात अजून एक भाकरी वाढली. एवढंच. गेल्या बुधवारी तो आलाच नाही, पण चिठ्ठी पाठवली होती: "मॅडम, मॅच आहे. पुढच्या बुधवारी येतो." इतका आनंद मला कुणाच्या फर्स्ट क्लासचाही झाला नव्हता.

स्टेपलर टेबलावरच आहे. पिना भरलेल्या आहेत. बुधवारी आणि शुक्रवारी, तीन ते साडेपाच. येणार नसेन तर दारावर चिठ्ठी असेल.